तुमच्या कॉलेजचं मर्जर होणार म्हणे? मग कन्सल्टेशनच्या महिन्यात काय करायचं ते वाचा

इंग्लंडात राहणारी आपली बरीच मंडळी संध्याकाळी नाहीतर शनिवारी जवळच्या कॉलेजात काही ना काही शिकत असतात, कोणी ईएसओएल (म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचे इंग्रजीचे वर्ग), कोणी अकाउंटिंग, कोणी हौसेने शिवणकाम, आणि मग एक दिवस ईमेल येतो की आमचं अमुक कॉलेजशी मर्जर करायचा विचार आहे, तुमचं मत कळवा. निम्मे लोक तो न वाचताच उडवतात. तुम्ही उडवू नका.

घाबरून जाण्यासारखंही काही नाही म्हणा. २०१५ ते २०१७ मध्ये सरकारने सगळ्या इंग्लंडभर एरिया रिव्ह्यू, म्हणजे भागाभागांतल्या कॉलेजांचे आढावे, केले आणि त्या काळात कितीतरी कॉलेजं एकत्र आली. लंडनमध्येच सिटी अँड इस्लिंग्टन आणि वेस्टमिन्स्टर किंग्जवे २०१६ साली एक झाली, पुढच्या वर्षी हॅरिंगे-एनफिल्डकडचं कॉलेजही त्यात आलं. मर्जर म्हणजे कॉलेज बंद असं समीकरण नसतं.

पहिलं काम, चकचकीत पत्रक बाजूला ठेवा आणि पूर्ण प्रपोजल डाउनलोड करा. त्यात टाइप ए लिहिलंय की टाइप बी ते शोधा. ए म्हणजे दोन्ही कॉर्पोरेशन, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या कायदेशीर संस्था, विसर्जित होऊन तिसरी नवी उभी राहते, आणि बी म्हणजे एकच विसर्जित होते, तिची जागा, करार, कर्ज सगळं दुसरीच्या नावावर जातं. बी असेल आणि विसर्जित होणारं कॉलेज तुमचं असेल तर 'बरोबरीची भागीदारी' वगैरे शब्दांवर फार भाळू नका, नव्या बोर्डावर आपल्या बाजूचे गव्हर्नर, म्हणजे कॉलेजचा कारभार बघणारे सदस्य, किती ते बघा. साध्या एफई (फर्दर एज्युकेशन, म्हणजे शाळेनंतरचं, विद्यापीठाबाहेरचं शिक्षण) कॉलेजांना अशा वेळी निदान महिनाभर कन्सल्टेशन ठेवावं लागतं. मॉर्ली, सिटी लिट यांसारख्या खास प्रौढांसाठीच्या संस्थांची कायदेशीर रचना वेगळी आहे, तिथे हेच नियम लागू असतील असं धरून चालू नका.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, इमारत कोणाची आहे ते बघा. केन्सिंग्टन अँड चेल्सी कॉलेजचं उदाहरण घ्या. त्यांची वॉर्निंग्टन रोडची इमारत २०१६ मध्येच सुमारे अडीच कोटी पाउंडांना तिथल्या काउन्सिलला (स्थानिक पालिकेला) विकली गेली होती, तिथे घरं बांधायचा बेत होता, आणि वर ईलिंगकडच्या मोठ्या कॉलेजात विलीन व्हायचा प्रस्ताव आला. ग्रेनफेल टॉवर ही राहती उंच इमारत तिथून जवळच, तिला लागलेल्या २०१७ च्या आगीनंतर तो सगळा भाग आधीच पोळलेला, त्यात शिकायची जागाही जाणार म्हटल्यावर तिथल्या रहिवाशांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी असा काही जोर लावला की २०१८ मध्ये ते मर्जर बारगळलं. पण गंमत अशी की पुढे मर्जर झालंच, फेब्रुवारी २०२० मध्ये, मॉर्लीशी, म्हणजे प्रौढांना शिकवण्यातच ज्यांची हयात गेली अशांशी. म्हणून नुसतं 'आमचा विरोध आहे' असं लिहून थांबू नका, कोणाशी चालेल आणि कोणती इमारत राहायलाच हवी तेही लिहा.

प्रश्न कसे विचारायचे? 'क्वालिटी टिकेल का' असं विचारलंत तर 'हो नक्की' असं गुळगुळीत उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, मंगळवारचा संध्याकाळचा ईएसओएल क्लास पुढच्या सप्टेंबरात याच इमारतीत असेल का, नसेल तर कुठे, तिथे बसने जायला किती वेळ लागतो, पाळणाघर राहणार का, तासावर शिकवणाऱ्या ट्यूटरांचं काय. सोळा वर्षांच्या मुलांना अर्धा तास लांबचं कॉलेज चालून जातं, पण नोकरी सुटल्यावर पोराला घेऊन धावत येणाऱ्या आईला तोच अर्धा तास क्लास सोडायला पुरेसा होतो, आणि प्रपोजलमधल्या नकाशात हे कुठेच दिसत नाही राव.

माहिती अधिकार इथेही आहे, २००० चा फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन कायदा, साधा ईमेल चालतो, फक्त खरं नाव द्या. उत्तर द्यायला त्यांना २० कामाचे दिवस मिळतात, म्हणजे महिन्याचं कन्सल्टेशन त्यातच संपून जाईल, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाका. तोवर गव्हर्नर मीटिंगांची मिनिट्स (इतिवृत्तं) वेबसाइटवर शोधा, वर्षभर मागे जा, इमारतीचा आणि कर्जाचा विषय बहुतेक तिथेच सापडतो.

लंडनसारख्या ठिकाणी प्रौढ शिक्षणाचा बराचसा पैसा २०१९ पासून मेयरकडून येतो. तेव्हा उत्तराची एक प्रत तिकडे, एक तुमच्या काउन्सिलरला आणि एक खासदाराला. पैसा तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरतो, त्यामुळे दुसरं कॉलेज मेयरच्या हद्दीपलीकडे असेल तर फीचं काय होणार ते लेखी मागा.

आणि एकच टेम्प्लेट पन्नास जणांनी पाठवू नका, ती एकाच मतात मोजली जाण्याची भीती असते. ईएसओएलच्या वर्गातल्या ज्यांना इंग्रजीत लांब लिहिता येत नाही त्यांच्याबरोबर क्लासनंतर कॅन्टीनमध्ये बसा, ते बोलतील तसं लिहून घ्या, चार ओळी असल्या तरी चालतील, आणि मुदत संपायच्या आत त्यांच्याच ईमेलवरून पाठवा.