पिल्लाला अंड्यातच रंग कसा द्यावा

आठवडी बाजारात टोपलीत दिसणारी गुलाबी-हिरवी पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यानंतर रंगवलेली असतात आणि ती विकण्यासाठीची नटवानटव असते. तिच्याबद्दल मला आस्था नाही. माझे काम वेगळे आहे. एकाच उबवणी यंत्रात तीन कोंबड्यांची अंडी ठेवली की कोणते पिल्लू कोणाचे हे ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक कोंबडीच्या अंड्यांना मी आतूनच वेगळा रंग देतो. अमेरिकेतील अभ्यासकांनी रानटी बदकांच्या पिल्लांवर खूण करण्यासाठी हीच युक्ती वापरलेली आहे. ज्यांना अंडी उबवण्याचा सराव नाही, त्यांनी आधी दोन-चार खेपा साध्या काढाव्यात.

पिवळ्या किंवा पांढुरक्या लवेच्या जातीच निवडाव्यात. कडकनाथाच्या काळपट पिल्लावर कोणताही रंग उठत नाही. लाल, निळा आणि हिरवा हे रंग चांगले दिसतात. पिवळ्या लवेवर पिवळा रंग देण्यात अर्थ नाही. रंग खाण्याचाच, पाण्यात विरघळलेला आणि पातळ असावा. होळीचा किंवा कापडाचा रंग अंड्यात सोडू नये, आणि ‘चालतो, आम्ही वापरला आहे’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते. रंग ११व्या ते १४व्या दिवसादरम्यान द्यावा. त्याआधी भ्रूण फार नाजूक असतो, आणि फार उशीर केल्यास पांढरा बलक संपत आल्याने रंग पिल्लाभोवती नीट पसरत नाही. त्या दिवशी प्रत्येक अंडे अंधारात टॉर्चवर धरून पाहावे, वांझ आणि मेलेली अंडी बाजूला काढावीत.

आता सुईकडे येऊ, कारण माझ्या पहिल्या दोन खेपा इथेच वाया गेल्या. मोठ्या हॅचरीत १८व्या दिवसाच्या सुमारास अंड्यातच लस देतात आणि ती बोथट टोकाकडून देतात, एवढे ऐकून मीही बोथट टोकालाच भोक पाडले. त्या टोकाला हवेची पोकळी असते. लस देणारे यंत्र लांब सुईने ती पोकळी ओलांडून खाली जाते. माझी आखूड सुई पोकळीतच थांबली, रंग पापुद्र्यावर साचून राहिला, आणि जी थोडी पिल्ले निघाली ती नेहमीसारखीच पिवळी होती. रंग निमुळत्या टोकाकडूनच द्यावा, टोकापासून साधारण अर्धा इंच अलीकडे; कारण पांढरा बलक त्या बाजूला असतो.

दुसरी चूक खोलीची होती. सुई आत गेली की हाताला काहीच जाणवत नाही, म्हणून माणूस ती आणखी ढकलतो आणि भ्रूणाला इजा होते. मी आता २० गेजच्या एक इंची सुईवर सलाइनच्या नळीचा स्वच्छ तुकडा असा चढवतो की टोकाकडची जेमतेम ८ मिलिमीटर सुई उघडी राहील. मग हात चुकला तरी सुई त्यापुढे जात नाही. टॉर्चच्या उजेडात कवचाखालच्या जाड रक्तवाहिन्या पाहून त्यांच्यामधल्या मोकळ्या जागी पेन्सिलीने खूण करावी. ती जागा स्पिरिटने पुसून वाळू द्यावी, दुसऱ्या निर्जंतुक सुईने कवच गोल फिरवत, दाब न देता भेदावे, आणि मगच रंगाची सुई आत घालावी. रंग उबवणी यंत्राइतका कोमट असावा. अंड्याचे निमुळते टोक किंचित वर ठेवून जास्तीत जास्त अर्धा मिलिलिटर रंग अगदी सावकाश सोडावा. घाई केल्यास तो भोकातून परत बाहेर येतो. प्रत्येक अंड्याला नवी सुई घ्यावी. सुया वाचवण्याच्या नादात एका नासक्या अंड्यातील जंतू माझ्या पुढच्या सगळ्या अंड्यांत गेले होते, आणि चार दिवसांनी यंत्र उघडताच आलेला वास मी विसरलेलो नाही.

भोकावर वितळलेल्या मेणाचा एक थेंब टाकावा. झटपट चिकटणारा गोंद आणि नखांचे पॉलिश यांच्या तीव्र वाफा कवचातून आत जाऊ शकतात, म्हणून मी ते वापरत नाही. अंडी अर्ध्या तासाच्या आत यंत्रात परत गेली पाहिजेत. म्हणून एका वेळी पाच-सहाच बाहेर काढावीत.

पुढे नेहमीप्रमाणे १८व्या दिवसापर्यंत अंडी फिरवावीत आणि नंतर आर्द्रता वाढवावी. कोणत्या कोंबडीला कोणता रंग दिला, हे वहीत त्याच दिवशी लिहावे. काही अंडी प्रत्येक खेपेला वाया जातात, म्हणून ज्याच्याकडे एखाद्या जातीची मोजकीच अंडी आहेत त्याने हा उद्योग करू नये.

रंग फक्त लवेला लागतो. दोन-तीन आठवड्यांत खरी पिसे येऊ लागली की तो नाहीसा होतो, म्हणून त्याआधीच पिल्लाच्या पायात वहीतल्या नोंदीप्रमाणे रंगीत कडी घालावी, आणि ती दर आठवड्याला तपासून घट्ट झाली असल्यास बदलावी, कारण त्या वयात पाय झपाट्याने जाड होतो.