जुन्या ॲम्प्लिफायरमधला रेझिस्टर तापतोय? बदलण्याआधी हे मोजा

बोर्डावर एखादा काळवंडलेला रेझिस्टर दिसला की हात लगेच सोल्डरिंग आयर्नकडे जातो. थांबा. रेझिस्टर स्वतःच्या दोषाने क्वचितच तापतो. पुढचा एखादा पार्ट जास्त करंट ओढत असतो. तो न शोधता नवा टाकला तर तोही करपतो.

आधी प्लग काढा. फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर, प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात) ४७० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा आणि व्होल्टेज १ व्होल्टच्या खाली आल्याची मीटरवर खात्री करा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या) सेटमध्ये ३००-४०० व्होल्ट असतात, तिथे १० किलोओहम वापरा.

संशयित रेझिस्टरचा एक पाय सोडवून ओहम मोजा. बोर्डावर लागलेला असताना आकडा फसवा येतो. रंगाचे पट्टे जळाले असतील तर सर्किट डायग्राम पाहा, नाहीतर स्टीरिओच्या दुसऱ्या चॅनलमधला त्याच जागेचा रेझिस्टर मोजा. सोडवलेला पाय पुन्हा जोडा.

सेट पहिल्यांदा सिरीज लॅम्पवरच, म्हणजे मेन्सच्या वायरमध्ये सिरीजमध्ये बल्ब जोडून, चालू करा. ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब हवा, एलईडीचा उपयोग नाही. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर मोठा शॉर्ट आहे. मंद झाला तर थेट मेन्सवर घ्या, कारण खरे व्होल्टेज तिथेच मिळतात. मीटरच्या क्लिपा आधी रेझिस्टरच्या दोन टोकांना लावून ठेवा, मग स्विच दाबा.

आता गणित. ४० व्होल्टवरून झेनरसाठी (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा डायोड) १५ व्होल्ट करणारा १ किलोओहम घ्या. त्याच्यावर २५ व्होल्ट पडतात, म्हणजे २५ मिलिॲम्पिअर आणि ०.६२५ वॅट. १ वॅटचा असेल तर बोट ठेववणार नाही, पण हा बिघाड नव्हे, बनवणाऱ्याची काटकसर आहे. त्याच्यावर पूर्ण ४० व्होल्ट दिसले तर १.६ वॅट होतात: झेनर किंवा त्याला जोडलेला कपॅसिटर शॉर्ट आहे. सेट बंद करून दोघांचा एकेक पाय सोडवून तपासा. मात्र झेनर काढून सेट चालू करू नका. १५ च्या लाइनवर त्याहून बरेच जास्त व्होल्ट चढतात आणि पुढचे ट्रान्झिस्टर जातात.

स्पीकरच्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडच्या सिरीजमध्ये असलेला १० ओहम जळाला असेल तर गोष्ट वेगळी. नेहमीच्या आवाजात तो गारच असतो. तो करपला म्हणजे ॲम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतोय, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल तयार करतोय, आणि ते ऑसिलोस्कोपवरच (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) दिसतं.

व्हॉल्व्हचा कॅथोड रेझिस्टर तापत असेल तर ग्रिडकडचा (ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हचा करंट ताब्यात ठेवणारी जाळी) कपलिंग कपॅसिटर, म्हणजे आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा, आधी बदला. तो लीक झाला की ग्रिड पॉझिटिव्ह होतो आणि व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो.

नवा रेझिस्टर मोजलेल्या वॅटच्या किमान दुप्पट, मेटल ऑक्साइडचा घ्या. वरच्या उदाहरणात २ वॅट. बोर्डापासून ५ मिलिमीटर वर ठेवा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला चिकटू देऊ नका. जुना फ्युजिबल (जास्त करंट आला की फ्यूजसारखा तुटणारा) असेल तर तसाच, त्याच वॅटचा लावा. तिथे वॅट वाढवणं धोक्याचं. अर्ध्या तासाने व्होल्टेज पुन्हा मोजा आणि १५ चे १५ असतील तरच झाकण लावा.