हात न टेकता खुर्चीतून उठण्यासाठी

नागपूरच्या अंबाझरी तलावाला रोज चक्कर मारणारेसुद्धा सोफ्यातून उठताना गुडघ्यांवर हात टेकतात. चालण्याने दम वाढतो. उठण्यासाठी मांड्यांमध्ये जोर लागतो, तो वेगळा कमवावा लागतो. एकट्याने राहणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या, बसायची जागा जमिनीपासून साधारण १७ इंच उंच. प्लास्टिकची नको, टाइल्सवर ती सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पायात मोजे नकोत.

पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं थोडी फाकवून टाचा गुडघ्यांच्या जरा मागे घ्या. हात छातीशी. आता कमरेतून इतकं पुढे वाका की नाक पायाच्या बोटांवर येईल, आणि टाचा दाबत उठा. उठताना श्वास सोडा. रोखून धरला की रक्तदाब चढतो. उभं राहिल्यावर लगेच बसू नका, गुडघे-कंबर सरळ होऊ द्या. मग मनात तीन मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया, शिवाय मणक्याला हादरा.

उठताच येत नसेल तर बहुतेकदा पावलं फार पुढे असतात, नाहीतर माणूस पुरेसा वाकत नाही. तरीही जमेना? सतरंजीच्या दोन-तीन घड्या खुर्चीवर टाका आणि जमेल तशी एकेक घडी काढत जा. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर थांबा, दुखणं तिथूनच सुरू होतं.

८ ते १० वेळा करा, दोन मिनिटं बसा, पुन्हा तेवढंच. एक दिवस आड. महिन्याने ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता ते मोजा: ७० ते ७४ वयात बायकांचे १०पेक्षा आणि पुरुषांचे १२पेक्षा कमी भरले, तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

तोलासाठी स्वयंपाकाचा ओटा उत्तम. ओट्याला धरून एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे लावा, हात अलगद सोडून १० सेकंद उभे राहा. मग बाजू बदला.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा सगळं सकाळी सातच्या आत उरकावं. कूलरसमोर मात्र नको: खाली पाणी ठिबकतं, वायर पायात येते, आणि त्याच्या घरघरीत तुमची हाक शेजारी पोचत नाही. मोबाइल टेबलावर नको, खिशात हवा. एक किल्ली शेजाऱ्यांकडे असू द्या.

बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते. आली तर लगेच बसा, आणि डॉक्टरांना सांगा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी करू नका. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर चालतं, सांधा सुजला तर नाही. छातीत दुखलं तर १०८.