नस किंवा मणक्याला मार लागलाय? "नवीन ऑपरेशन आलंय" ही लिंक उघडायच्या आधी हे करा

घरात कुणाला असा मार लागला की आठवडाभरात व्हॉट्सॅपवर चमत्काराच्या लिंका सुरू होतात. त्या वाचा, पण आधी डॉक्टरांना विचारा की इजा मज्जारज्जूत आहे की त्यातून बाहेर पडलेल्या नसेत, कारण दोन्हीचं गणित वेगळं आहे.

बाहेरची नस परत वाढते, पण दिवसाला साधारण 1 मिलीमीटर, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत जायला वर्ष दोन वर्षं जाणार, आणि स्नायू काही तेवढा वेळ वाट बघत बसत नाही, 12 ते 18 महिने सिग्नल मिळाला नाही की तो बहुतेक कायमचा गेला. म्हणून "बघू, थांबू" असं कुणी म्हटलं तर किती दिवस थांबायचं ते तारखेसकट लिहून घ्या, ईएमजी टेस्ट (स्नायूपर्यंत नसेचा सिग्नल पोचतोय का ते बघणारी) कधी करायची ते विचारा आणि सहा महिन्यांच्या आत नसांच्या सर्जनला एकदा तरी दाखवा. (माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, पुढच्या शोधाची वाट बघता बघता आज होणारं ऑपरेशन हातचं जातं.)

ते ऑपरेशन म्हणजे नर्व्ह ट्रान्सफर. जिच्यावाचून भागतं अशी शेजारची चालू नस घ्यायची आणि बंद स्नायूच्या नसेला जोडायची. आता हे मानेतल्या मज्जारज्जूच्या इजेतही करतात, रज्जू जुळत नाही पण इजेच्या वरून वाट काढता येते. मेलबर्नच्या टीमने 2019 मध्ये 16 जणांचे रिझल्ट छापले, कोपर सरळ करणं, वस्तू पकडणं बऱ्याच जणांना जमायला लागलं, तरी 4 जोडण्या फेल गेल्या आणि फरक दिसायला महिनोन्महिने लागले. तोवर फिजिओ सोडू नका, सांधे आखडले तर नस जुळूनही उपयोग नाही.

मज्जारज्जूच्या आत मात्र अजून कुणी टाके घालून काम चालू करत नाही. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये कूर्तीन आणि ब्लॉक या संशोधकांच्या टीमने पाठीत इलेक्ट्रोड बसवून लोकांना पावलं टाकायला लावली, 2023 मध्ये तर मेंदूतला सिग्नल थेट त्या इलेक्ट्रोडला जोडला, भारी काम आहे, पण ती दुरुस्ती नाही, उरलेल्या वायरिंगला दिलेला जोर आहे.

आणि स्टेम सेलवाले, म्हणजे पेशी घालून रज्जू बरा करू म्हणणारे, पैसे मागत असतील तर जरा थांबा. नाकातल्या पेशी पाठीत घातलेल्या एका बाईच्या मणक्यात 8 वर्षांनी चिकट द्राव सोडणारी गाठ निघाली, 2014 चा रिपोर्ट आहे. विचारायचं एवढंच: ट्रायल नोंदवलेली आहे का, नंबर काय, आमच्यासारख्या आसिया ग्रेडच्या (मज्जारज्जूची इजा किती गंभीर ते सांगणारी श्रेणी) किती जणांवर केलंय, त्यांचा दोन वर्षांनंतरचा हिशेब कुठं छापलाय, आणि ट्रायल असेल तर मग बिल आमच्या नावावर का?