विद्यापीठाची कार्यसंस्कृती सुधारायला निघालात? या चुका टाळा

नागपुरात काय नि बाहेर काय, नवे विभागप्रमुख आले की पहिल्या महिन्यात बायोमेट्रिक बसतं, व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि भिंतीवर ‘व्हिजन-मिशन’चं फ्लेक्स लागतं. निकालांची गती तीच राहते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिरंगाईला आळस समजणं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावा. मग उन्हाळी परीक्षेचा निकाल पावसाळ्यात का रेंगाळतो? विदर्भातल्याच एका संस्थेत (नाव घेत नाही) पुनर्मूल्यांकनाच्या फायली अडायच्या, म्हणून साहेबांनी सॉफ्टवेअर आणलं. थोड्याच दिवसांत लोक त्याच नोंदीची प्रिंट काढून टेबलोटेबली सह्या गोळा करू लागले. म्हणजे आधी नुसता कागद फिरायचा, आता कागद फिरून वर संगणकातही नोंद. साहेब चिडले, मेमो निघाले. एका बाबूला मी चहाला नेलं. तो म्हणाला, ‘‘सर, सही केली अन् ऑडिटमध्ये काही निघालं तं मले कोन वाचवन?’’ त्याचं खोटं नव्हतं. तिथे चुकीला नाव होतं, उशिराला नव्हतं. चुकलेल्याला नोटीस मिळायची, फाईल दाबून बसलेल्याला कुणी विचारायचं नाही. अशा ठिकाणी शहाणा माणूस फाईल वरच पाठवणार.

माझी सवय अशी : एक फाईल उचलायची आणि तिच्यासोबत प्रत्येक टेबलापाशी जायचं. ‘तुमची सही नेमकी कशासाठी?’ एवढंच विचारायचं. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याची सही काढून टाकायची आणि उरलेल्यांची जबाबदारी कुलसचिवांच्या लेखी आदेशात घ्यायची. तोंडी आश्वासनावर कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. याला वेळ लागतो. पंधरा दिवसांत रिझल्ट हवा असणाऱ्यांनी फ्लेक्सच लावावं.

दुसरी चूक नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, भेटीआधीची रंगरंगोटी. एडगर शाइन या अभ्यासकाने संस्कृतीचे तीन थर सांगितले : डोळ्यांना दिसणारं, तोंडाने सांगितलेलं आणि न बोलता गृहीत धरलेलं. आपण रंग देतो तो पहिल्या थराला. समिती परत गेली की जुन्या बैठकांची इतिवृत्तं मागच्या तारखेने लिहायची पद्धत तशीच चालू राहते. नव्या प्राध्यापकाला तीच खरी संस्कृती म्हणून शिकायला मिळते.

कंपनीचं टार्गेट विद्यापीठाला लावू नका. इथले विभाग एकमेकांना सैल बांधलेले असतात, हे संघटनांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल वाइकने १९७६ मध्येच मांडलं होतं. शोधनिबंधांना नुसते गुण लावलेत की पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नल्सचीच भरभराट होते.

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर नाव आणि ई-मेल मागू नका. मागितलंत तर सगळ्यांचं उत्तर ‘उत्तम’ येईल.

आणि घड्याळी तासिकेवरच्या शिक्षकांना विसरू नका. वर्गावर असतात ते, बैठकीत नसतात. बोलवा त्यांना, पण त्या तासाचे पैसेही द्या.