लम्पी: यंदा आधी वासरांकडे बघा

पावसाची झड लागली की गोठ्यात माश्या-डास वाढतात, आणि लम्पी, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग, पसरतो तो मुख्यतः त्यांच्याकडून आणि गोचिडांकडून. 2022 च्या सप्टेंबरात तर राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. मोठ्या जनावरांना लस टोचून घेतली जाते, पण नंतर जन्मलेली वासरं, कालवडी, गोऱ्हे बऱ्याच गोठ्यांत तसेच राहून जातात. खरी भीती तिथेच आहे.

गाईला लस दिलेली असेल तर चिकातून वासराला सुरुवातीचे काही महिने संरक्षण मिळतं, म्हणून चौथा महिना सरला की टोचा. गाय बिनलसीची असेल तर तोवर थांबू नका, डॉक्टरांना लगेच विचारा. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी केलेली धावपळ कामाची नाही. ताप असलेल्या वासराला मात्र लस नको.

अंगावर गाठी दिसायची वाट पाहू नका. आधी ताप येतो, 104-105 अंश फॅरनहाइटपर्यंत. डोळ्या-नाकातून पाणी गळतं, खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते. वासरू सडाला तोंड लावतं आणि लगेच सोडतं. याला ‘दूध बाधलं’ म्हणून ओवा-हिंग सुरू होतो. पण ओठ उलटून बघा, आत फोड असू शकतात. अशा वासराला दूध काढून, थोडं थोडं, त्याच्या कलानं पाजा. नळीनं किंवा मान वर ताणून ओतलेलं दूध फुफ्फुसात गेलं तर लम्पीतून वाचलेलं वासरू न्यूमोनियानं जातं. विषाणूवर औषध नाही; तापाचं आणि जखमा चिघळू नयेत म्हणून द्यायचं औषध डॉक्टरच ठरवतील.

आजारी वासरू लगेच वेगळं बांधा, त्याची भांडीही वेगळी. कडुनिंबाच्या धुरानं डास हटतात, पण भिंतीच्या फटीतले गोचीड तसेच राहतात. फटी बुजवा, शेण-मूत्र साचू देऊ नका. गोचिडाचं औषध वजनावर मोजून. गाईचा डोस वासराला दिलात तर विषबाधा ठरलेली. बाजारातून आणलेलं जनावर 28 दिवस दावणीपासून लांबच बांधा, व्यापारी काहीही सांगो.

माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून खुशाल प्या. संशय आला की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या हेल्पलाइन नंबरवर कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. वासरू दगावलं तर ओढ्यात किंवा माळावर टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.