घरच्या चिकन तमालेमध्ये कॅलरी, प्रोटीन, फॅट किती ते नीट कसं काढायचं

तमाले म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालीत बांधून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ. कॅलरीच्या ॲपमध्ये 'चिकन तमाले, १ नग' टाकून जो आकडा येतो तो आधी डोक्यातून काढून टाका. नग म्हणजे केवढा? कोणी दोन बोटांएवढे बांधतं, कोणी मुठीएवढे, कोणी लार्ड (डुकराची चरबी) सढळ हाताने घालतं, कोणी तेलावर भागवतं, आणि मेक्सिकोतल्या ओआहाकाकडे केळीच्या पानात बांधलेला एकच तमाले पोटभर होतो. या सगळ्यांना एकच आकडा कसा लागू पडेल? इथे टेक्सासात डिसेंबर आला की तामालादा सुरू होतात, सगळं घर टेबलाभोवती बसून तमाले बांधत असतं, आणि त्यात एखादा डायबेटीसवाला असतोच जो विचारतो मी किती खाऊ शकतो. त्याला अंदाजपंचे उत्तर देऊ नका. आपल्या पातेल्यात काय गेलं त्याचा हिशोब करा, फार कठीण नाहीये.

ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या, कप बाजूला ठेवा.

चिकन शिजवून, कातडी आणि हाडं काढून, पिंजून मग वजन करा आणि आकडेही शिजलेल्या चिकनचेच घ्या. १०० ग्रॅम शिजलेल्या ब्रेस्टमध्ये साधारण १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रोटीन, मांडीच्या मांसात फॅट जास्त आणि प्रोटीन २५ च्या आसपास. दोन्ही मिसळून घेतलं तर १८० कॅलरी धरा. शिजताना चिकनचं जवळपास पाव वजन पाणी होऊन जातं, त्यामुळे शिजलेल्या वजनाला कच्च्याचे आकडे लावले की प्रोटीन कमी दिसतं.

साल्सा वेर्दे म्हणजे सारणातली हिरवी चटणी, तिच्यात टोमॅटियो (हिरव्या टोमॅटोसारखं फळ), कांदा, मिरची, लसूण. त्यातलं तेल तेवढं मोजा, बाकी किरकोळ आहे.

आता पीठ. सगळा घोळ इथेच होतो आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच.

पहिली गोष्ट, कोरडं पीठ आणि भिजवलेलं पीठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोरड्या मासा हरीनात, म्हणजे तमालेच्या मक्याच्या पिठात, १०० ग्रॅमला साधारण ३६५ कॅलरी असतात. त्यात ब्रॉथ (चिकन शिजवलेलं पाणी) आणि लार्ड घालून फेटलं की वजन जवळजवळ तिप्पट होतं, आणि लोक तो भिजलेला गोळा काट्यावर ठेवून त्याला ३६५ लावतात, म्हणजे चक्क पाण्याच्या कॅलरी मोजतात! आणि वर लार्ड पुन्हा वेगळा धरतात. म्हणून कोरडं पीठ पाणी घालायच्या आधी मोजा, लार्ड वेगळा मोजा, दोन्ही कागदावर लिहा आणि मगच भिजवा. एकदा मिसळलं की काही कळत नाही.

दुसरी गोष्ट, तोर्तियेरियातून (तोर्तिया बनवणाऱ्या दुकानातून) तयार ओलं पीठ आणत असाल तर काउंटरवर विचारल्याशिवाय घेऊ नका. 'प्रेपारादा' म्हटलं की त्यात लार्ड आणि मीठ आधीच असतं. 'सिन प्रेपारार' म्हणजे नुसता मका आणि पाणी, त्यात कोरडा भाग साधारण निम्म्याला थोडा कमी. नक्की हिशोब हवा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की प्रेपारादा घेऊच नका, कारण लार्ड किती घातलाय ते डोळ्याला दिसत नाही.

आणि हा लार्डच खरा मुद्दा आहे. उकडीच्या मोदकावर आपण तूप वरून घेतो, ते दिसतं आणि दिसतं म्हणून हात आवरता येतो, तमालेत मात्र फॅट पिठात फेटलेलं असतं आणि खाणाऱ्याला वाटतं वाफवलेलं आहे, म्हणजे हलकंच असणार. लार्डमध्ये १०० ग्रॅमला सुमारे ९०० कॅलरी आणि ३९ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असतं. लार्डऐवजी तेल घाला म्हणजे कॅलरी कमी होतात हा सल्ला जिथे तिथे दिसतो आणि तो साफ चूक आहे. तेलातही तेवढ्याच कॅलरी असतात, कमी होतं ते सॅच्युरेटेड फॅट, आणि ते कारण पुरेसं आहे, पण कॅलरीचं नाव घेऊ नका. तसंच पिठाची गोळी पाण्यावर तरंगली म्हणजे लार्ड बरोबर पडला हेही नाही, तरंगणं म्हणजे फेटून हवा भरली एवढंच. ब्रॉथ मात्र रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरची गोठलेली चरबी काढून टाका, नाहीतर तीही पिठात जाते आणि हिशोबात येत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, वाण्याकडचं साधं मक्याचं पीठ इथे चालणार नाही. मासा हरीना हे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ आहे. त्या चुन्यामुळे कॅल्शियम १०० ग्रॅमला १४० मिलिग्रॅमच्या घरात जातं, साध्या मक्याच्या पिठात ते १० च्याही आत असतं, शिवाय मक्यातलं अडकलेलं नायसिन (एक बी जीवनसत्त्व) मोकळं होतं. युरोपने मका नेला आणि चुन्याची रीत तिकडेच ठेवली, मग इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडून होणारा आजार, पसरला, पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातही तेच झालं. म्हणून आकडेही मासा हरीनाचेच घ्या.

आता बेरीज. कोरडं पीठ ५०० ग्रॅम म्हणजे साधारण १८२५ कॅलरी, लार्ड २२० ग्रॅम म्हणजे १९८०, चिकन ६०० ग्रॅम म्हणजे १०८०, साल्सा आणि ब्रॉथ मिळून ३५०. एकूण सव्वापाच हजाराच्या आसपास, आणि बघा, चिकनपेक्षा लार्डच्या कॅलरी जवळपास दुप्पट आहेत. याचे २४ तमाले झाले तर एकात साधारण २१८ कॅलरी, प्रोटीन ९ ग्रॅम, कार्ब १७-१८, फॅट १२, त्यात सॅच्युरेटेड ४. दोन खाल्ले तर ३५ ग्रॅम कार्ब, डायबेटीसवाल्याला हा आकडा सांगा. प्रोटीन वाढवायचं तर पीठ पातळ थापा आणि चिकन जास्त भरा, दुसरा उपाय नाही.

सगळे सारखे बांधले जात नाहीत, विशेषतः मुलं बांधायला बसली असतील तर, म्हणून वाफवून झाल्यावर सालं काढून सगळ्यांचं एकत्र वजन करा आणि १०० ग्रॅमचा आकडा काढून ठेवा. सालासकट वजन कधीच नाही, भिजलेली सालं चांगली जड असतात आणि ती कोणी खात नाही.

मीठ विसरू नका. एका छोट्या चमचा (टीस्पून) मिठात साधारण २३०० मिलिग्रॅम सोडियम, पीठ, ब्रॉथ, साल्सा मिळून तीन चमचे सहज जातात, म्हणजे एका तमालेत जवळपास ३०० मिलिग्रॅम, बेकिंग पावडरचं थोडं वर. डब्यातला ब्रॉथ वापरला तर त्याच्या लेबलवरचं सोडियमही यात मिळवा आणि मीठ तेवढं कमी घाला.

मेक्सिको सिटीत सकाळी तमाले बोलियो पावात घालून खातात, त्याला गुआहोलोता म्हणतात. तसं खाणार असाल तर पाव वेगळा मोजा, १०० ग्रॅमला साधारण २७० कॅलरी धरून, आणि सोबत गोड आतोले (मक्याच्या पिठाचं गरम पेय) घेतलंत तर त्यातली साखरही.